देवरेसाहेबांचा फॉर्म मी भरला

आटपाडीत लोक मला अजून ‘सौदीचे डॉक्टर’ म्हणतात आणि मी अजून चिडतो. मी डॉक्टर नाही. मी रक्त तपासणारा तंत्रज्ञ. एकतीस वर्षं लोकांच्या दंडात सुई घातली, त्यातली सतरा वर्षं रियाधला. डॉक्टर रोग्याला बघतो, मी त्याच्या रक्ताची नळी बघतो, आणि रिपोर्टावर सही डॉक्टरची असते. उत्तर चुकलं की लॅबवाल्याने घोळ घातला, बरोबर आलं की डॉक्टरांचं निदान अचूक. हे ऐकून ऐकून माझे कान किटले. या अंकाच्या संपादकांनी ‘परदेशातल्या नोकरीच्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं तेव्हा मी त्यांना फोनवरच सांगितलं, गमती फार नाहीत, एक भांडण आहे. ते म्हणाले, चालेल.

माझे वडील मेंढ्यांच्या बाजारात दलाली करायचे. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पद्धत मी त्यांच्याजवळ बसून शिकलो. समोरच्याचं बोट किती घट्ट दाबतं त्यावरून त्याला गरज किती आहे ते कळतं. मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि सांगलीत एका पॅथॉलॉजिस्टकडे काचेच्या नळ्या धुवायला लागलो. ते गृहस्थ तिरसट होते, पण काम बघून माणूस ओळखत. नोकरी करत करत पुन्हा मॅट्रिक दिली, डिप्लोमा केला, आणि १९८४ साली रियाधच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब सांभाळायला गेलो. कोणाची चिठ्ठी नव्हती की वशिला नव्हता. दवाखान्याचा मालक सौदी, तोच माझा कफील, म्हणजे त्याच्या जामिनावर मी त्या देशात राहणार. मुख्य डॉक्टर इजिप्तचे, डॉक्टर हुसाम. हुशार माणूस, पण आपल्याला राग येतो हे त्यांना फार उशिरा कळायचं. माझंही तसंच. त्यामुळे आमच्या दवाखान्यात दिवसाआड खडाजंगी होत असे. तिथला पठाण ड्रायव्हर बाहेर बसलेल्या रोग्यांना सांगायचा, “बैठो बैठो, बादशाह बाबर और फिरौन की लड़ाई चल रही है, खत्म होगी तो नंबर आएगा.” बाबर हे माझं आडनाव, आणि फिरौन म्हणजे इजिप्तचा जुना राजा.

लॅबसाठी लागणारं सामान घेण्याचं काम माझ्याकडे होतं. विक्रेते बहुतेक लेबनानी, गोडबोले. त्यांना वाटायचं, हिंदी माणूस आहे, चहा पाजला की झालं. एकदा एका विक्रेत्याकडे पीएसएचे दोन किट पडून होते आणि त्यांची मुदत संपायला सहा-सात महिनेच राहिले होते. मी ते निम्म्या भावात उचलले, वर रक्तगट तपासायच्या द्रावणाच्या बाटल्या त्याच सौद्यात जास्तीच्या घेतल्या. त्या दिवशी मी फार खूश होतो.

पीएसए म्हणजे काय ते सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी. पन्नाशीनंतर बहुतेकांची ती वाढते, मग लघवीला सारखं उठावं लागतं, धार बारीक होते. ही वाढ बहुधा साधी असते. काहींना मात्र तिथे कर्करोग होतो, आणि तो सुरुवातीला काही म्हणजे काही जाणवू देत नाही. या ग्रंथीतून एक प्रथिन रक्तात थोडंथोडं झिरपतं. ते मोजायचं म्हणजे पीएसए. चारच्या आत आलं तर ठीक, वर आलं तर पुढे बघा, असा तेव्हाचा ढोबळ नियम. तपासणी नवी होती, आणि निरोगी माणसाची ती करावी की नाही यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. तसं ते आजही पुरतं झालेलं नाही.

किट म्हणजे छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची पाटी. दर वेळी पहिले बारा-चौदा खळगे ठरलेल्या प्रमाणाच्या द्रावणांना द्यावे लागतात, त्यांच्याशी ताडून माणसाच्या रक्ताचा आकडा काढायचा. एका रोग्यासाठी पाटी लावली तर सगळं वाया. म्हणून नमुने गोठवून ठेवायचे, पुरेसे साठले की एकदम लावायचे. आता मुदतीच्या आत दोन किट संपवायचे तर माणसं पाहिजेत. मी मालकाला म्हटलं, कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत पन्नाशीच्या पुढच्यांना ही तपासणी जोडून द्या. त्याने दिली. आमच्या दवाखान्यात प्रोस्टेटची तपासणी सुरू झाली ती अशी. घासाघिशीतून. शास्त्राचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

सुरुवातीलाच एक धडा मिळाला होता, तो मी घेतला नाही. अल खर्जहून अबू सालेह नावाचा म्हातारा आला. तिकडे त्याच्या गाई होत्या, अंगाला दुधाचा वास. त्याचा आकडा आला एकोणीस. त्याचा मुलगा माझ्या टेबलाशी उभा राहून रडायला लागला. डॉक्टर हुसाम यांनी म्हाताऱ्याला आत घेतलं आणि गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपावी लागेल असं सांगितलं. म्हातारा बाहेर येऊन मला म्हणाला, “तू ठेवून घे अजून एक बाटली रक्त. दोन घे. बोट नको.” मीही बाजारातला माणूस. म्हटलं, “बाबा, बोटाला एक मिनिट लागतं, बाटलीला रक्त लागतं. स्वस्त काय आहे ते तुम्हीच बघा.” हसला आणि आत गेला. ग्रंथी मऊ होती, दुखत होती. मग डॉक्टरांनी विचारलं, लघवीला जळजळ होते का? आठवडाभर होत होती. जंतुसंसर्ग होता. औषधं दिली, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा तीनच्या खाली.

मी डॉक्टरांना म्हटलं, “म्हणजे माझी पाटी खोटं बोलली?”

“पाटी खरं बोलली,” ते म्हणाले. “प्रश्न आपण उशिरा विचारला. आकडा एकटा काही सांगत नाही, बाबर. वय काय, घरात कोणाला होता का, बोटाला काय लागलं, हे सगळं शेजारी ठेवलं की मग आकडा बोलतो.”

मी मान डोलावली आणि विसरलो.

आता फॉर्मचं सांगतो. वार्षिक तपासणीला कामगार असो की इंजिनिअर, त्याला एक छापील फॉर्म भरावा लागे. कावीळ झाली होती का, क्षय होता का, फिट येते का, घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आहे का. अरबीत ‘ला’ म्हणजे नाही. मी रियाधला गेल्यावर चौथ्या महिन्यात मिरजेचा एक वेल्डर आला होता, सरळ स्वभावाचा. त्याने कावीळ झाली होती असं लिहिलं. सात वर्षांपूर्वीची कावीळ! आठ दिवसांत त्याला परत पाठवलं. बिचाऱ्याने अजून पेटीचं कुलूपही नीट उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी नियम केला. मराठी माणूस समोर आला की फॉर्म मीच भरायचा आणि सगळीकडे ‘ला’. मुंबईचा एजंटही लोकांना तेच पढवून पाठवत असे. आमच्याकडे ही चलाखी समजली जायची. मी तर आपल्या लोकांची सेवा करतो आहे अशाच समजुतीत होतो.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि रियाधचा रंग पालटला. कोणी बायकामुलांना घरी धाडलं, कोणी नोकरी सोडून निघालं. आमच्या दवाखान्यातले दोन तंत्रज्ञ सुटीवर जातो म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी राहिलो. मला जायला जागा होती, पण इकडे येऊन पुन्हा कोणाच्या तरी नळ्या धुवायच्या या विचाराने पाय निघाला नाही.

ऑक्टोबरात प्रभाकर देवरे तपासणीला आले. मूळ नाशिकचे, शहराबाहेरच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचे इंजिनिअर, वय त्रेपन्न. दर शुक्रवारी त्यांच्या घरी माझं जेवण असे. वहिनी दोन्ही मुलांना घेऊन नाशिकला होत्या, थोरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा त्याच्या मागे. देवरेसाहेब स्वतः स्वयंपाक करत. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे, मला ‘अरे बाबर’ म्हणत. “दोन वर्षं अजून, मग खलास,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन्ही मुलं मार्गी लागली की परत जायचं.

मी फॉर्म वाचत होतो, ते उत्तरं देत होते.

“घरात कोणाला कर्करोग?”

“दादाला,” ते म्हणाले. “थोरला भाऊ माझा. मागच्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं, त्यात निघाला.”

मी पेन थांबवलं नाही. “साहेब, मला काही ऐकू आलं नाही.”

ते हसले. “बरं बाबा. नाही कोणाला.”

मी ‘ला’ लिहिलं. मग त्यांचं रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, गोठवून ठेवलं. डिसेंबरात पाटी लावली. त्यांचा आकडा आला तीन पूर्णांक सहा. डॉक्टर हुसाम यांनी फॉर्म बघितला, आकडा बघितला, ‘नॉर्मल’ असं लिहून सही केली. चारच्या आत असलेल्याला, घरात काही नसलेल्याला, तेव्हा कोण बोट लावून बघत होतं?

जानेवारीत युद्ध सुरू झालं. विमानं बंद. इराकी क्षेपणास्त्रं रियाधच्या रोखाने यायला लागली, भोंगे वाजायला लागले. विषारी वायूची भीती होती, म्हणून प्रत्येकाने घरातली एक खोली चिकटपट्टीने बंद करून ठेवली होती. दवाखान्यात आम्ही क्ष-किरणाची खोली निवडली, कारण तिला खिडकी नव्हती.

एका दुपारी देवरेसाहेब रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले आणि भोंगा झाला. आम्ही पाच-सहा जण त्या खोलीत जाऊन बसलो. काही पडलं नाही. सगळं ठीक असल्याचा इशारा झाला तरी बाहेर जायची कोणाला घाई नव्हती. देवरेसाहेबांनी वायूपासून बचावाचा मुखवटा काढून मांडीवर ठेवला आणि खिशातून एक पत्र काढलं. टपाल कुठेतरी अडकलं होतं, पत्र महिन्यापूर्वीचं होतं.

“दादा गेला रे,” ते म्हणाले.

त्यांनी पत्र उलगडलं.

“हाडांत गेलं होतं. पाठ टेकवता येत नव्हती म्हणे.” मग म्हणाले, “नानांचंही असंच झालं होतं. आमच्या वडलांचं. आधी लघवी अडली, मग कंबर धरली. तेव्हा आम्ही म्हणायचो, वात आहे. शेवटचे चार महिने बसून झोपायचे.”

“नानांचं मला कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलंस का?” त्यांनी पत्राची घडी घातली. “माझा रिपोर्ट नॉर्मल आहे ना रे?”

“नॉर्मल आहे,” मी म्हटलं. त्यांच्याकडे न बघता म्हटलं.

किटबरोबर आलेलं माहितीपत्रक मी खोक्यातून काढून वाचलं, डॉक्टरांच्या कपाटातलं पुस्तकही काढलं. वय वाढतं तसा धोका वाढतो. बापाला किंवा भावाला हा रोग झाला असेल तर आणखी वाढतो. दोघांनाही झाला असेल तर कितीतरी वाढतो. आणि चार ही काही लक्ष्मणरेषा नाही. त्याच्या आतही रोग असू शकतो आणि बाहेर नसूही शकतो. हे सगळं माझ्याच कपाटात होतं. मी फक्त किमतीचा कागद वाचला होता.

सांगायला मला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांचं मी समर्थन करत नाही. फॉर्मवर अक्षर माझं. खोटी माहिती लिहिली म्हणून कफीलने माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द केला तर युद्ध चालू असताना मी कुठे जाणार? आणि देवरेसाहेबांनी काय मागितलं होतं? दोन वर्षं. मी तोंड उघडलं तर कंपनी त्यांना ठेवणार नाही हे उघड होतं. मी स्वतःशी भाव करत बसलो. नसेलही काही. आकडा कमीच आहे. युद्ध संपू दे, मग बघू. माझ्या वडलांनी असला सौदा करणाऱ्याला बाजारातून हाकललं असतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी डॉक्टर हुसाम यांच्या खोलीत गेलो आणि देवरेसाहेबांचा फॉर्म टेबलावर ठेवला. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि अरबीत झालं, पण मला शब्द न् शब्द आठवतो.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“त्याने ‘नाही’ सांगितलं होतं?”

“त्याने ‘हो’ सांगितलं होतं. ‘नाही’ मी लिहिलं. भावाला होता, भाऊ गेला. वडलांनाही असावा.”

ते उभे राहिले. एवढे ओरडले की बाहेरची फिलिपिनो नर्स दार उघडून बघून गेली. मग मीही ओरडलो. “हो म्हणणाऱ्याला तुमच्या कंपन्या विमानात बसवतात. मग लोक खोटं बोलणार नाहीत तर काय करणार? त्या वेल्डरच्या वेळी तुम्ही काय केलंत? सही केलीत!”

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “फॉर्म कंपनी वाचते हे खरं. पण मीही वाचतो, बाबर. कंपनीला फसवताना तू मलाही फसवलंस.”

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवरेसाहेबांना बोलावून तपासलं. ग्रंथीच्या उजव्या बाजूला सुपारीच्या खांडासारखं कठीण काहीतरी बोटाला लागलं. रक्ताने जे सांगितलं नव्हतं ते बोटाने सांगितलं. आता तुकडा काढून तपासायला हवा होता आणि ते आमच्या दवाखान्यात होण्यासारखं नव्हतं. मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो तर तिथल्या कारकुनाने हात वर केले. युद्धात जखमी होणाऱ्यांसाठी खाटा रिकाम्या करून ठेवल्या होत्या. “युद्धानंतर या,” तो म्हणाला. “इन्शाल्ला.”

मी तिथून सरळ त्यांच्या लॅबमध्ये गेलो. लॅबचा प्रमुख सुदानी होता, मोठा भला माणूस, पण टेकीला आलेला. जखमी येतील म्हणून रक्त साठवायचं होतं आणि रक्तगट तपासायची द्रावणं संपत आली होती, विमानं बंद असल्यामुळे नवी येत नव्हती. माझ्याकडे लेबनान्याकडून उकळलेल्या जास्तीच्या बाटल्या होत्या. मी मालकाची लेखी परवानगी घेतली आणि त्या उसन्या देऊ केल्या. बदल्यात देवरेसाहेबांचा तुकडा काढायला एक वेळ मागितली.

“किती बाटल्या?” त्याने विचारलं.

“तारीख सांगा, मग बाटल्या सांगतो.”

“पुढचा महिना.”

“मग अर्ध्या.”

“तू दवाखान्यात आहेस की बाजारात?”

“माणूस पन्नाशीचा आहे, बाप आणि भाऊ यातच गेले. या आठवड्यात करा, सगळ्या बाटल्या घेऊन जा.”

गुरुवारी तुकडा काढला. कर्करोग होता. हाडांच्या तपासणीत पसरलेला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडला, शस्त्रक्रिया करा. कंपनीने कागदावर ‘अनफिट’ लिहिलं, कायमचा परतीचा व्हिसा दिला, आणि विमानं सुरू झाल्यावर मार्चमध्ये जायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी देवरेसाहेब दवाखान्यात आले. मला वाटलं, निरोप घ्यायला आले. मी चहा सांगितला.

“चहा नको,” ते म्हणाले. “अरे बाबर, तुला मी धाकटा भाऊ समजत होतो. मला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. आकडा नॉर्मल. तूच म्हणालास नॉर्मल. दोन वर्षं मागत होतो मी. दोन.”

“साहेब, दोन वर्षांनी काय झालं असतं ते दादांबद्दलच्या पत्रात—”

“दादाचं नाव घेऊ नकोस!”

मग मीही पेटलो. “फॉर्मवर माझं अक्षर होतं. माझी नोकरी पणाला लावली मी. ते दिसत नाही तुम्हाला?”

“ते तू तुझं पाप धुवायला केलंस,” ते म्हणाले. “माझ्यासाठी नाही.” आणि निघून गेले.

त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझा रक्तदाब वाढतो. खोटा फॉर्म भरल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आणि लॅबप्रमुखाची खुर्ची नव्याने आलेल्या माणसाला गेली, ज्याला पाटी कशी लावायची ते मी शिकवलं. त्याच वर्षी देवरेसाहेबांच्या कंपनीने डॉक्टर हुसाम यांना प्रशस्तिपत्र दिलं. ‘लक्षणं नसताना रोग ओळखल्याबद्दल.’ ते चौकटीत बसवून दवाखान्याच्या दारातच लावलं होतं. मी पुढची दहा वर्षं रोज सकाळी त्याच्याखालून आत गेलो. डॉक्टरांनी एकदा मला गाठून म्हटलं, “यात तुझं नाव हवं होतं.” मी म्हटलं, “मग लिहा.” त्यांनी नाही लिहिलं.

पण माझी तक्रार एकीकडे आणि कपाटातले जुने फॉर्म दुसरीकडे. माझ्या अक्षरातले ‘ला’ लिहिलेले सगळे फॉर्म मी काढून बसलो. काही जणांना गाठलं, खोलीचं दार लावून खरं विचारलं. एकाची आई मधुमेहाने गेली होती, एकाला लहानपणी फिट यायच्या. बरेच जण युद्धाच्या गडबडीत देश सोडून गेले होते, त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांच्यातल्या कोणाला काय झालं ते मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. त्यानंतर मी एक वेगळी चिठ्ठी सुरू केली. तिच्यावर फक्त क्रमांक, नाव नाही. वडील, भाऊ, लघवीची जळजळ, औषधं. ती फक्त डॉक्टरकडे जायची, कंपनीकडे नाही. डॉक्टर हुसाम यांनी तिला मान्यता दिली, तेही न भांडता.

आता निवृत्त झाल्यावर मी जाहिराती बघतो. डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या तपासण्या एकदम, सणाची सवलत. मी स्वतःच असली सवलत विकली आहे, त्यामुळे मला त्यातलं कळतं. अलीकडचे जाणते डॉक्टर सांगतात की सगळ्यांची सरसकट पीएसए करू नका. काहींचा रोग इतका सावकाश वाढतो की त्याच्यामागे लागण्यानेच माणूस जास्त सोसतो. आधी बसा, वय बघा, घराण्याचा इतिहास विचारा, तपासणीचा फायदा काय आणि ताप काय ते रोग्याला समजावून सांगा, मग दोघांनी मिळून ठरवा. मला हे पटतं. पण त्या बोलण्याचं बिल होत नाही, म्हणून ते जाहिरातीत नसतं.

युद्धानंतर वीस वर्षांनी रियाधच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न नाशिकला होतं. जेवणाच्या मंडपात खुर्चीवर देवरेसाहेब बसलेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काठी, पण चेहरा तकतकीत. मुंबईला शस्त्रक्रिया झाली होती, नाशिकला बसून त्यांनी कारखान्यांची सल्लागारी केली होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. वीस वर्षांत माझ्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. शेजारी वहिनी आणि दोन्ही मुलगे होते, थोरल्याच्या कानशिलावर केस पिकलेले.

मी पुढे गेलो. “ओळखलंत का साहेब?”

“तुला विसरेन होय? माझी नोकरी खाल्लीस तू.”

थोरला उठून उभा राहिला. “बाबा, हेच का ते बाबर?” त्याच्या आवाजात आदर नव्हता. वहिनींनी नमस्कार केला आणि त्या मुलांना घेऊन वाढपाकडे गेल्या. त्यांना भांडण नको होतं.

मी खुर्ची ओढून बसलो. “मुलांना काय सांगितलंय?”

“काय सांगायचं? मणक्याचं ऑपरेशन झालं.”

“मणक्याचं?”

“मग लघवीच्या जागेचं सांगू? सुना आहेत घरात.”

“आणि दादांचं? नानांचं?”

“त्यांचं काय. म्हातारपण.”

माझं डोकं तापलं, पण लग्नाचा मंडप होता. “थोरला किती वर्षांचा झाला?”

“बेचाळीस.”

“साहेब, नाना, दादा आणि तुम्ही. एका घरात तिघं. उद्या त्याला डॉक्टरने विचारलं, घरात कोणाला होता का, तर तो नाही म्हणेल. आणि त्याला ते खरं वाटेल. मी निदान जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.”

 देवरेसाहेब ताटातली जिलेबी मोडत राहिले.

“मला हव्या तेवढ्या शिव्या द्या,” मी म्हटलं. “भर मांडवात द्या, माइकवरून द्या. कृतघ्न म्हणा, पापी म्हणा, मी खाली मान घालून ऐकतो. पण त्या दोघांना सांगा.”

“तू अजून भावच करतोस.”

“दुसरं काही येत नाही मला.”

 वाढपी दोनदा मठ्ठा विचारून गेला. मग देवरेसाहेबांनी काठी आपटली आणि हाक मारली, “इकडे या रे दोघं. खुर्च्या ओढा.” मुलगे आले, बसले, माझ्याकडे आठ्या घालून बघू लागले.

“हे बाबर,” देवरेसाहेब म्हणाले. “यांनी माझी नोकरी घालवली असं मी तुम्हाला सांगत आलोय. ती का घालवली, ते आज सांगतो.”

बापलेकांमधलं बोलणं, म्हणून मी उठायला लागलो. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला खाली बसवलं.

“तू कुठे निघालास? आकडे तुला पाठ आहेत. मी चुकलो तर सांग.”

आभार त्यांनी तेव्हाही मानले नाहीत. मी बसलो.